एकोणतीस कामट्यांची आशाबाई

आशाबाईच्या घरी एक कागद आहे. चार घड्या करून तो तिनं जुन्या सुपाखाली ठेवलाय. त्यावर छापलेलं आहे, "ही टोपली दहा किलो वजन धरते, याची मी खात्री देते." खाली सहीची रेघ आहे आणि ती कोरी आहे. केलेल्या सह्यांचे कागद लोक जपून ठेवतात, न केलेल्या सहीचा कागद जपणारी बाई मी हीच एक पाहिली.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी-सहावीला गणित शिकवते. गावात बुरुडांची सहा घरं आहेत, त्यातलं शेवटचं आशाबाईचं. वय साठीच्या जवळ. नवरा देवाजी जाऊन बारा वर्षं झाली. मुलगा चंद्रपूरला ट्रकवर असतो, घरी सून उर्वशी. आशाबाई शाळेत तिसरीपर्यंत गेली, पुढे नाही. सही मात्र करते, आणि ती सही फार सहजासहजी देत नाही, हे मला पुढे कळलं.

आमची ओळख भांडणानंच झाली म्हणायची. महाशिवरात्रीला मी दर वर्षी मार्कंड्याच्या जत्रेला जाते. त्या वर्षी पूजेचं सामान न्यायला दुरडी हवी होती, म्हणून तिच्या दारात गेले. ती ओसरीवर पाय पसरून बसली होती आणि कोयत्यानं बांबू चिरून कामट्या, म्हणजे लांब चपट्या काड्या, काढत होती.

मी म्हटलं, "आशाबाई, जरा मोठी करा. तीस कामट्यांची."

"तीसची नाई करत मी."

"मग?"

"एकोणतीस. नाईतर एकतीस. कोनती पायजे सांगा."

"एकानं काय फरक पडतो?"

तिनं मान वर केली नाही. "मॅडम, एका मार्कानं पोरगं नापास होते तवा तुमी मनता का, एकानं काय फरक पडते?"

मी ओसरीच्या कडेला टेकले. खरं तर राग आला होता. पण तिथेच बसून राहिले, आणि बसले म्हणून पुढचं सगळं घडलं.

बुरुडाची टोपली तळापासून सुरू होते. लांब कामट्या एकमेकींवर चांदणीसारख्या आडव्यातिडव्या ठेवतात. प्रत्येक कामटीची दोन टोकं दोन बाजूंना निघतात. चौदा कामट्या ठेवल्या की टोकं होतात अठ्ठावीस. हीच टोकं वर वळवली की टोपलीच्या उभ्या कामट्या होतात. मग एक लांब पातळ पट्टी घ्यायची आणि या उभ्या कामट्यांमधून गोल गोल फिरवायची, एकीच्या वरून, दुसरीच्या खालून. आशाबाई अठ्ठावीस टोकं झाली की एक आखूड कामटी तळात खुपसते आणि एकोणतीस करते. त्या जादाच्या कामटीला तिच्या घरात 'पाहुणी' म्हणतात.

"पाहुणी नाही घातली तर?" मी विचारलं.

"मंग पट्टी एक फेरी मारून आली का ज्या कामटीच्या वरून गेली होती तिच्या वरूनच जाते. जिच्या खालून गेली तिच्या खालूनच. दर फेरीत तसंच. त्या कामटीले दुसऱ्या अंगानं धरलं कोनं? कोनीच नाई. पाहुणी असली का दुसऱ्या फेरीत पट्टी उलटी पडते. आता वरून, मंग खालून. कामटी दोन्हीकून आवळते."

मला शिक्षकी उत्साह आला. "म्हणजे विषम आकडा पाहिजे, एवढंच ना?"

आशाबाईनं कोयता खाली ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "असंच मीबी समजली होती. मनून तं मार्कंड्याच्या जत्रेत माही इज्जत गेली."

लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती. सासूनं पाहुणी घालायला शिकवलं होतं. तिनं जत्रेसाठी सत्तावीस कामट्यांची एक दुरडी केली आणि सासू नसताना वेगळी वीण घातली, दोनीवरून उडी मारायची आणि एकीखालून जायचं. वीण सुंदर दिसे, उभे पट्टे उठत. जत्रेत पहिल्या तासात दुरडी गेली. दुपारी ती घेणारी बाई परत आली. देवळाच्या पायरीवर दुरडीचा तळ सुटला होता, नारळ गडगडत खाली गेले होते, आणि तिनं ती फाटकी दुरडी सगळ्या बाजारासमोर सासूच्या पुढ्यात ठेवली.

सासू रागावली नाही. एवढंच म्हणाली, "जोडीतून सुटला मनून साऱ्यातूनच सुटला का वो तो आकडा?"

घरी आल्यावर सासूनं तिला अंगणात बसवलं. सत्तावीस गोटे गोल मांडायला लावले. म्हणाली, एकापासून सुरू कर आणि तीन-तीन घरं उडी मारत जा. आशाबाई उड्या मारत गेली आणि नवव्या उडीला जिथून निघाली होती त्याच गोट्यावर आली. सासू म्हणाली, "लागला. तीनाले लागला. आता तीनाची वीण याच्यावर कवाच नाई बसत, पट्टी दर फेरीत त्याच कामट्यांवरून जाते." मग गोटे कमी-जास्त करत सगळे आकडे झाले. पंचवीस पाचाला लागला. एकवीस तिनालाही लागला आणि साताला पण. तेवीस कशालाच लागला नाही, एकोणतीस लागला नाही, एकतीस लागला नाही. कितीही उड्या मारा, पहिल्या फेरीत ते घरी परत येतच नाहीत. सासू त्यांना हट्टी आकडे म्हणे.

"चारानं पाहायचं नसतं?" मी विचारलं.

"जो दोनाले नाई लागला तो चाराले कायले लागते, मॅडम? चारात दोन बसलाच हाय ना."

मी दुरडी न घेताच उठले. घरी येऊन डब्यातले चिंचोके काढले आणि फरशीवर मांडत बसले. बारा चिंचोक्यांचे तीन-तीनच्या रांगांचे चौकोन होतात, चार-चारचे होतात, सहा-सहाचे होतात. एकोणतीसचा चौकोन होतच नाही, एकच लांब रांग राहते. अठरा वर्षं मी मुलांना शिकवत आले की ज्या संख्येला एक आणि ती स्वतः सोडून दुसरा विभाजक नसतो ती मूळ संख्या. फळ्यावर लिहायचं, मुलांनी वहीत उतरवायचं. ही संख्या कशाला लागते असं कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं. माझ्या जपाच्या माळेत एकशे आठ मणी आहेत. तो आकडा दोनाला लागतो, तिनाला लागतो, चाराला, सहाला, नवाला, बाराला लागतो. सगळ्यांत वाटला जातो, म्हणून तो जपाला बरा. धान धरायला मात्र वाटला न जाणारा आकडा लागतो, हे मला आशाबाईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी जाऊन मी एकोणतीस कामट्यांची दुरडी घेतली.

त्याच महिन्यात गावात एक संस्था आली. जंगलाच्या बाजूला हॉटेलं झाली आहेत, तिथे टोपल्या हव्या होत्या. गावातल्या बारा बायांचा गट झाला. चंदा त्याची अध्यक्ष झाली, उर्वशी सचिव, आणि शिकवायला आशाबाई. संस्थेकडून प्रणित नावाचा मुलगा आला. नागपूरचा, टोपल्यांचे नमुने काढायचं शिक्षण घेतलेला, बोलायला नम्र. त्यानं चित्रं आणली होती. टोपली तीस कामट्यांची, विणीत तीन वर आणि दोन खाली, म्हणजे पाचाची उडी. त्यामुळे टोपलीवर वरपासून खालपर्यंत सरळ उभे पट्टे दिसणार होते. पट्टे खरंच देखणे होते. मी पाहिले.

आशाबाईनं चित्र पाहिलं आणि परत दिलं. "हे फुटन."

प्रणित म्हणाला, "मावशी, तीस हा फार सोयीचा आकडा आहे. दोननं जातो, तीननं, पाचनं, सहानं. कुठलीही वीण घाला, पट्टा सरळच येणार."

"तेच तं सांगून राह्यली मी. साऱ्याले लागते मनूनच फुटन."

"आतून गोंद लावू ना आपण."

"मंग गोंदाची टोपली मना. बांबूची कायले मनता?"

बाया हसल्या. प्रणितही हसला, पण त्याला वरून जसं सांगितलं होतं तसंच करायचं होतं. त्यानं तो छापील कागद काढला. दहा किलो वजन धरते अशी खात्री शिकवणारीनं लिहून द्यायची, मगच काम गटाला मिळणार.

आशाबाईनं उर्वशीकडून कागद वाचून घेतला. दोनदा वाचून घेतला. मग म्हणाली, "मी नाई करत सही."

उर्वशीचा चेहरा उतरला. बारा घरांचं काम होतं ते. चार-चार जणी मिळून वाघाच्या जंगलातून बांबू आणायचा, चिरायचा, आणि विकायला आठवडी बाजारात दिवसभर बसायचं, हे तिनं लग्न झाल्यापासून पाहिलं होतं. आता माल घरून जाणार होता. आणि सासू एका आकड्यावर अडून बसली होती.

"आई, ते हाटेलवाले त्यात टावेल ठेवनार हायेत. दहा किलो कोन ठेवते?"

"मंग कागदावर टावेल लिवा. मी आत्ता सही करतो. दहा किलो लिवलं हाय तं दहा किलो धरली पायजे."

"एवढा हट्ट बरा नाई."

"हट्ट नाई करत तं तुह्या सासऱ्याच्या घरी टिकली असती का मी?"

प्रणितनंच तोड काढली. एकाच बांबूच्या दोन टोपल्या करू. एक तीसची, एक एकोणतीसची. वीण दोन्हीला तीच, गोंद दोन्हीला नाही. दोन्हीत दहा-दहा किलो धान भरून टांगू. आशाबाई लगेच म्हणाली, "तीसची मी नाई करत. मी केली तं तुमी मनान, मुद्दाम ढिली केली. चंदा करन. माह्यानंतर गावात तिचाच हात हाय." हे ऐकून चंदा खूश झाली आणि तिनं खरोखरच मन लावून टोपली केली.

"किती दिवस ठेवायच्या?" प्रणितनं विचारलं.

"आठ दिवस. बांबू ओला हाय. उन्हानं सुकू दे."

"मावशी, आठ दिवस माझ्या हातात नाहीत. मला गुरुवारी उत्तर द्यायचं आहे."

"मंग गुरुवारचं उत्तर तुमी द्या. बांबूचं उत्तर आठ दिवसानं येते."

शनिवारी दोन्ही टोपल्या शाळेच्या वऱ्हांड्यात टांगल्या, जिथे दुपारचं ऊन सरळ येतं. मार्च संपत आला होता आणि आमच्याकडचं ऊन तेव्हा कुणावर दया करत नाही. रविवारी दोन्ही टोपल्या तशाच. सोमवारी तशाच. चंदाच्या टोपलीचे उभे पट्टे उन्हात चमकत आणि आशाबाईच्या टोपलीवर तिरप्या रेघा गोल फिरत गेलेल्या. चंदाचीच सुंदर दिसत होती, खोटं कशाला बोलू.

मंगळवारी चंदा वऱ्हांड्यात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आशाबाई, तुमच्या पाहुणीले आमच्या घरीबी पाठवा चहा प्याले. इथी तं तिची काई गरज दिसत नाई."

आशाबाई म्हणाली, "येईन. तुह्या टोपलीले भेटाले येईन."

गुरुवारी प्रणित आला. दोन्ही टोपल्या धान धरून होत्या. त्यानं कागद पुढे केला. सगळ्या बाया तिथे होत्या. आशाबाईनं टोपलीच्या तळाला खालून हात लावून पाहिलं, एकीच्या, मग दुसरीच्या.

"आजून तीन दिवस," ती म्हणाली.

"मावशी, आज नाही दिली तर काम दुसऱ्या गावाला जाईल. मी थांबवू शकत नाही."

"जाऊ द्या. जे मले मालूम नाई ते मी खरं हाय मनून कशी लिवून देऊ? अन् जे खोटं हाय हे मालूम हाय ते तं अजिबातच नाई."

प्रणितनं कागदाची घडी केली नाही, तो तिच्याच हातात ठेवला. म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडे." काम दुसऱ्या गावाला गेलं. त्या संध्याकाळी बुरुड आळीत आशाबाईशी कुणी बोललं नाही. उर्वशीनं ताट वाढलं आणि ती आत जाऊन बसली. मी घरी देवापुढे दिवा लावला. टोपली फुटू दे असं मागणं बरं नव्हतं, चंदाचीही मेहनत होती त्यात. म्हणून एवढंच म्हटलं, जे खरं असेल ते दिसू दे.

रविवारी शाळा बंद. सोमवारी सकाळी महादेवाच्या देवळातून मी सरळ शाळेत गेले. वऱ्हांड्यात चिमण्यांचा गलका होता. चंदाच्या टोपलीखाली धानाचा ढीग पडला होता आणि टोपली वर रिकामी लोंबत होती. बांबू सुकून आकसला होता, विणीच्या पट्ट्या एकमेकींवर घसरून खाली आल्या होत्या, आणि तळाशी कामट्या एकमेकींपासून फाकल्या होत्या. हात जाईल एवढी फट. शेजारची एकोणतीसची टोपलीही सुकली होती, हलवली तर जरा कुरकुरत होती, पण एक दाणा खाली नव्हता.

उर्वशी माझ्या आधी आली होती. ती सुपात धान भरत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. सूप खाली ठेवून तिनं त्या फटीतून दोन बोटं घातली, काढली, पुन्हा घातली. मग एकोणतीसच्या टोपलीत बोट घालायचा प्रयत्न केला. गेलं नाही.

थोड्या वेळानं चंदा आली. तिनं आपल्या टोपलीच्या फाकलेल्या कामट्यांना हात लावला. "माह्या हाताची होती वो," ती म्हणाली.

आशाबाई मागेच उभी होती. "हात तुहा चांगलाच हाय. आकडा वाईट होता."

आता गावात सगळे म्हणू लागले की आशाबाई बरोबर होती. पण बरोबर निघाली म्हणून काम परत आलं नाही. तेही लोकांनी बोलून दाखवलं. विहिरीवर एकजण म्हणाली, "खरी निघाली, पन घरी काय आलं?" आशाबाईनं बादली उचलता उचलता उत्तर दिलं, "माहं नाव घरीच राह्यलं. तेच आलं समज." मी प्रणितला फुटलेल्या टोपलीचा फोटो मोबाइलवर पाठवला. खाली एक शब्दही लिहिला नाही.

त्या दिवसांत मी शाळेत पद्धत बदलली. मुलांना मैदानात गोल उभं केलं, कधी तेवीस जणांना, कधी चोवीस. एकानं चेंडू तिसऱ्याला द्यायचा, त्यानं पुढच्या तिसऱ्याला. चोवीस असताना चेंडू काही जणांकडेच फिरत राहिला आणि बाकीचे रुसले. तेवीस असताना कितीही फेऱ्या लागल्या तरी चेंडू सगळ्यांपर्यंत गेला. मुलांना विभाजक हा शब्द आवडत नाही, पण चेंडू न मिळणं त्यांना चांगलं कळतं. एकदा आशाबाईच्या दारावरून जाताना मला अंगणात गोट्यांचं वर्तुळ दिसलं. मला वाटलं आशाबाई असेल. पण गोट्यांपाशी उर्वशी बसली होती. मला पाहून तिनं पदर सारखा केला आणि गोटे पायानं बाजूला सारले, जणू काही केर काढत होती.

वैशाखात प्रणित परत आला. मोटारसायकल आधी शाळेत लावली. फोटो मिळाला होता, म्हणाला. त्यानं आपल्या खोलीत तशीच एक टोपली ठेवली होती, गोंद लावलेली, आणि ती पण हलायला लागली होती. हे त्यानं स्वतःहून सांगितलं, म्हणून मला तो मुलगा आवडला. आता संस्थेला वेगळं काम हवं होतं. काही शेतकरी बियाण्याचं जुन्या जातींचं धान साठवणार होते, त्यांच्यासाठी मोठ्या ढोल्या. ढोली म्हणजे धान ठेवायची कमरेएवढी उंच बांबूची कोठी. एका ढोलीत क्विंटलच्या वर धान बसतं. तिचा तळ सुटला तर वर्षाचं बियाणं मातीत.

"या वेळी मी आकडा नीट पाहून आणलाय मॅडम," तो म्हणाला. "एक्क्याण्णव. पाढ्यांत कुठे दिसत नाही. मावशी म्हणतात तसा हट्टी आहे ना?"

मी मनात पाहिलं. दोननं जात नाही. नऊ आणि एक दहा, म्हणजे तीननं जात नाही. शेवटी पाच नाही, शून्य नाही. "आहे," मी म्हटलं.

आम्ही दोघं आशाबाईच्या ओसरीवर गेलो. चंदा आली, गटातल्या आणखी दोघीतिघी आल्या. प्रणितनं मोठा कागद पसरला. त्यावर ढोलीचा तळ काढलेला होता आणि गोलावर एक्क्याण्णव ठिपके. वीण चार वर, तीन खाली. त्यानं खात्रीचा कागद आणि पेन शेजारी ठेवलं. या वेळी कुणी हसत नव्हतं. एकदा काम गेलेलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांत तेच होतं, की आता म्हातारीनं अडू नये.

आशाबाईनं कागद पाहिला. पेनाला हात लावला नाही.

"मॅडमनी पाहिलाय आकडा," प्रणित म्हणाला.

आशाबाई माझ्याकडे वळली. "सातानं पाहिलं का मॅडम?"

मी उत्तर देणार एवढ्यात उर्वशी पुढे आली. "आई, थांबा," ती म्हणाली, आणि कागदाजवळ उकिडवी बसली. तिनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि सात ठिपके मोजून पुढची उडी घेतली. मग पुढची. तिचे ओठ हलत होते. गोल फिरत बोट परत आलं आणि जिथून निघालं होतं त्याच ठिपक्यावर टेकलं.

"तेरा उड्यात घरी," ती म्हणाली. "लागला. चार अन् तीन सातच होतात. हे फुटन, भाऊ."

तेरा सत्ते एक्क्याण्णव. तेराचा पाढा मी चौथीत घोकलेला. जिभेवर होता, डोक्यात आला नाही. सातचा पाढा आपण सात दाहे सत्तरवर थांबवतो, आणि एक्क्याण्णव त्याच्या पुढे लपून बसतो. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "माझं चुकलं." सांगायला लाज वाटली, पण त्या ओसरीवर खोटी सही चालत नाही, मग खोटं गणित कसं चालेल?

आशाबाई म्हणाली, "मी आजून काई बोललीच नाई." पण तिचा आवाज बदललेला होता.

प्रणितनं कपाळाला हात लावला. "मग किती घेऊ?"

"मले कायले इचारता? तिले इचारा."

उर्वशीनं बोटांवर मोजलं. "नव्वद तं दोनालेच लागते. एकोणनव्वद घ्या. चव्वेचाळीस लांब कामट्या, अन् एक पाहुणी. दोनाले नाई लागत, तीनाले नाई, पाचाले नाई. सात बारे चौऱ्याऐंशी, वरते पाच राह्यतात. साताले नाई लागत."

"आणि अकरानं? तेरानं?" प्रणित आता घाबरून विचारत होता.

आशाबाई म्हणाली, "अकरा कामट्यांची उडी घेतली तं ढोलीत उंदीर सहकुटुंब जाईन. तेवढी उडी कोनी घेतच नाई."

चंदा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मी प्रणितला माझ्या पद्धतीनं सांगितलं. एकोणनव्वदला अकरानं भाग गेला असता, तर दुसरा विभाजक नवाच्या आतला आला असता. नवाच्या आतले सगळे आपण पाहून झाले. तेराचंही तसंच. म्हणून पुढे जायची गरजच नाही. तो मान हलवत राहिला. आशाबाई म्हणाली, "मॅडमनं एवढं सांगतलं त्यात माहा उंदीरच बरा होता."

प्रणितनं पेन घेतलं, एक्क्याण्णव खोडलं आणि एकोणनव्वद लिहिलं. चित्राखाली स्वतःची सही केली. मग खात्रीचा कागद आशाबाईपुढे केला. तिनं हात पदराला पुसले, पेन घेतलं, रेघेवर नेलं. आणि परत खाली ठेवलं.

"ढोली बांधू द्या. उन्हात आठ दिवस राहू द्या. मंग सही."

बायांमध्ये कुजबुज झाली. प्रणित मात्र हसला. "या वेळी आठ दिवस घेऊनच आलोय मावशी."

ढोली शाळेच्या वऱ्हांड्यात टांगण्याजोगी नव्हती, ती आशाबाईच्या अंगणातच ठेवली. उर्वशीनं तळ घातला, चंदानं भिंत वर नेली, पाहुणी आशाबाईनं स्वतःच्या हातानं खुपसली. आत धान भरून ढोली चार दगडांवर ठेवली, म्हणजे तळ दिसावा. आठ दिवस रोज सकाळी उर्वशी खाली वाकून हात फिरवायची. नवव्या दिवशी प्रणित आला तेव्हा खालची माती कोरडी आणि रिकामी होती.

आशाबाईनं सही केली. एक-एक अक्षर सुटं, नावाखाली रेघ. कागद घेताना प्रणित म्हणाला, "तो जुना कागद द्या, फाडून टाकतो. आता कशाला हवा?"

"तो राहू द्या," ती म्हणाली. "गटात नव्या पोरी येऊन राह्यल्या. त्यायले पयले तोच दाखवाले लागते."